दुकानाच्या नावावरून वकिलाची नोटीस आली तर



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे, पण तोही आपल्याच बांधावरचा आहे. आपल्या नेर भागात ऊस पिकवणारा माणूस आता नुसता उसावर थांबलेला नाही. कोणी गुऱ्हाळ टाकून डबाबंद गूळ आणि काकवी विकतो, कोणी अमरावती-यवतमाळ रस्त्यावर रसवंती लावतो, कोणी ऊस रोपांची रोपवाटिका चालवतो, तर कोणाच्या सूनबाईंचा बचत गट हळद-मसाला पुड्यांत भरून बाजारात नेतो. धंदा आला की नाव आले, आणि नाव आले की पाटी, पिशवी, लेबल, डबा हे सगळे छापून होते. मग एखाद्या दिवशी पोस्टमन एक जाड लिफाफा हाती देतो. आत इंग्रजीत चार पाने. मथितार्थ असा की, तुम्ही वापरता ते नाव आमच्या पक्षकाराचे नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. पंधरा दिवसांत ते वापरणे बंद करा, छापील माल आमच्या हवाली करा, आणि नुकसानीपोटी अमुक लाख रुपये भरा.

गेल्या काही हंगामांत असे तीन लिफाफे आमच्या शेतकी कार्यालयातल्या टेबलावर आले. "साहेब, हे काय लचांड होय? आमच्या पोराच्या रसवंतीनं कोणाचं काय बिघडवलं?" असा प्रश्न. ऊस विकास विभागाचे काम कायद्याचे नव्हे हे आम्ही जाणतो. परंतु माती परीक्षणाचा कागद असो की बँकेचा, आपला माणूस तो घेऊन आधी गट कार्यालयातच येतो. म्हणून यवतमाळच्या वकील मंडळींकडे बसून, कागद वाचून जे समजले ते इथे मांडीत आहोत.

पहिली गोष्ट, नावावर हक्क येतो कुठून? याला आपल्या ऊस नोंदीइतका चांगला दाखला दुसरा नाही. तुम्ही लागण केव्हा केली ती तारीख एक, आणि चिटबॉयने वहीत नोंद केव्हा घेतली ती दुसरी. दोन्ही जवळजवळ असल्या तर तंटा नसतो. पण एकाने आषाढात लावून नोंद दिलीच नाही, आणि शेजाऱ्याने मागाहून लावून नोंद मात्र आधी दिली, की तोडणीच्या पाळीवरून भांडण ठरलेले. नावाचे अगदी तसेच आहे. नाव पहिल्यांदा बाजारात वापरले तो दिवस म्हणजे लागण. व्यापारचिन्ह कार्यालयात अर्ज दिला तो दिवस म्हणजे नोंद. आपल्या देशात १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा या दोन्ही तारखांना मानतो, आणि बहुतेक सगळे खटले या दोन तारखांच्या ओढाताणीतून उभे राहतात.

कायद्याच्या ३४ व्या कलमात जुन्या वापरणाऱ्याला संरक्षण आहे. नोंदणीवाला कितीही मोठा असला तरी, त्याच्या आधीपासून सतत ते नाव वापरणाऱ्याला तो रोखू शकत नाही. मात्र 'आधीपासून' म्हणजे कशाच्या आधी, हे नीट ध्यानात घ्यावे. समोरच्याने नाव वापरायला घेतल्याची तारीख आणि त्याच्या नोंदणीची तारीख, या दोहोंत जी अगोदरची असेल तिच्याही आधीचा तुमचा वापर लागतो. त्याने नोंदणी २०१६ साली केली म्हणून तुमची २०१३ ची बिले पुरतात असे नाही. तो २०१० पासून विकत असेल तर तुमची पाळी मागेच लागते. इथेच पुष्कळ लोक फसतात.

हा कायदा लहान माणसाच्या बाजूने कसा उभा राहतो याचे एक गोड उदाहरण तामिळनाडूतील तिरुनेलवेलीचे आहे. तिथे १९०० पासून चालत आलेले एक हलव्याचे दुकान, नाव 'इरुट्टुकडै', म्हणजे अंधारे दुकान. मंद दिव्यात विक्री चाले म्हणून गिऱ्हाइकांनीच पाडलेले नाव. पुढे दुसऱ्या एकाने त्याच नावामागे गावाचे नाव जोडून हलवा विकायला सुरुवात केली आणि आपल्याकडेही नोंदणीचे कागद असल्याचे सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ साली निकाल लागला तो असा की, आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीच्या कागदापेक्षा वरचढ आहे. नोंदणी हक्क नव्याने जन्माला घालीत नाही, असलेल्या हक्काला मान्यता देते, असा त्याचा आशय. एका हलवायाच्या दुकानाने देशभरच्या व्यापाऱ्यांना उपयोगी पडेल असा निवाडा मिळवून दिला.

आपल्या महाराष्ट्रातले गाजलेले प्रकरण मात्र पुण्याचे, आणि ते इतके सरळ नाही. पुण्याच्या कॅम्प भागात एक खाणावळवजा हॉटेल 'बर्गर किंग' या नावाने १९९१-९२ पासून चालत आले. बर्गर म्हणजे पावात घातलेली टिक्की, ज्याला आपण घरी कटलेट म्हणू. आता याच नावाची अमेरिकेत १९५४ साली निघालेली भली मोठी कंपनी आहे, तिची जगभर हजारो दुकाने. भारतात तिचे पहिले दुकान उघडले ते २०१४ च्या नोव्हेंबरात, दिल्लीत. म्हणजे पुण्याच्या दांपत्यानंतर तब्बल वीस-बावीस वर्षांनी. पण कंपनीने दुकान उघडण्याअगोदरच, २०११ साली, पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. मागणी दोन: नाव वापरण्यास कायमची मनाई आणि वीस लाख रुपये नुकसानभरपाई.

कंपनीचे म्हणणे असे की, आमचे नाव जगभर माहीत आहे, नोंदणी आमची आहे, आणि आमचे नाव घेऊन दुसरा कोणी विकतो तर गिऱ्हाइकाचा घोटाळा होतो. पुण्याच्या दांपत्याचे म्हणणे असे की, आम्ही सुरू केले तेव्हा या देशात तुमचे दुकानच नव्हते. आम्ही कोणाची नक्कल केली? त्यांनी उलट दावा करून आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल वीस लाख मागितले. १६ जुलै २०२४ रोजी, म्हणजे दाव्यानंतर तेरा वर्षांनी, पुण्याच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. कारणे वाचण्यासारखी आहेत. पुण्याचे हॉटेल १९९१-९२ पासून चालू, कंपनीची सेवा इथे २०१४ पासून. आणि पुण्याच्या हॉटेलामुळे गिऱ्हाइके गोंधळली याचा पुरावा कंपनीला देता आला नाही. हॉटेलवाल्यांचे वीस लाखही न्यायालयाने दिले नाहीत, कारण त्रासाचा पुरावा नव्हता. नुसते तोंडी सांगणे दोन्ही बाजूंना पुरले नाही.

वर्तमानपत्रांत त्या वेळी 'छोट्याने मोठ्याला हरवले' असे मथळे आले आणि आपल्याकडेही पारावर चर्चा रंगली. पण पुढचा भाग फार थोड्यांनी वाचला. कंपनी अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तात्पुरती मनाई दिली, आणि २ डिसेंबर २०२४ रोजी अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती कायम केली. तशीच तात्पुरती मनाई खालच्या कोर्टात २०१२ पासूनच होती. म्हणजे दावा जिंकूनही नाव लावता येईना! मग हॉटेलवाले दिल्लीला गेले. ७ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या त्या मनाईला स्थगिती दिली, आणि अपिलाची सुनावणी पुढे चालवण्यास मोकळीक ठेवली. २०११ ते २०२५, असा हा हिशेब. एका नावासाठी एक दांपत्य तीन पायऱ्यांच्या कोर्टांत चौदा वर्षे उभे राहिले. आमच्या मते या प्रकरणात हक्क कोणाचा याहून अधिक शिकण्यासारखे हेच आहे की, खरा झगडा निकालाचा नसतो, तात्पुरत्या मनाईचा असतो. मनाई हुकूम एकदा आला की पाटी उतरवावी लागते, आणि हंगाम निघून गेलेली रसवंती निकालाची वाट बघू शकत नाही.

जगप्रसिद्ध नाव असले म्हणजे आपोआप इथे हक्क येतो का, यावरही सर्वोच्च न्यायालय १९९६ पासून वेळोवेळी बोलले आहे. १९९६ साली व्हर्लपूल या धुलाई यंत्रांच्या नावाबाबत परदेशी कंपनीचा लौकिक इथे पोहोचला आहे असे मानले गेले. २०१७ साली टोयोटाच्या 'प्रियस' गाडीच्या नावाबाबत मात्र न्यायालय म्हणाले की, जगात नाव असून भागत नाही, त्या वेळी भारतातल्या लोकांत ते पोहोचले होते हे दाखवा. तिथे जपानच्या बड्या कंपनीविरुद्ध आपल्याकडचा मोटारीचे सुटे भाग विकणारा जिंकला.

आता दुसरा प्रश्न: नाव हुबेहूब तेच नसेल, थोडे वेगळे असेल तर चालते का? आपले लोक इथे फार हुशारी करतात. एक काना काढतात, मागे 'न्यू' किंवा 'श्री' लावतात आणि म्हणतात, झाले वेगळे. कोर्ट असे पाहत नाही. १९६२ साली 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला होता. कसोटी अशी लावली गेली की, गिऱ्हाईक साधे माणूस असते, दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून तपासत नाही, त्याच्या मनात पूर्वी ऐकलेल्या नावाची धूसर आठवण असते. ती आठवण घेऊन तो दुकानात आला तर फसेल का? त्या कसोटीवर नावे सारखी ठरली. तरी लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण अमृतधारेवाल्यांनी त्या भागातला तिचा खप ठाऊक असून कित्येक वर्षे डोळेझाक केली होती. नक्कल होते हे दिसत असताना गप्प बसलेल्या माणसाचा हक्क पातळ होतो, हे त्यातून निघाले.

नावच नव्हे, वेष्टनाचे चित्रही यात येते. १९७२ चा पार्ले बिस्किटांचा निकाल आपल्याला विशेष जवळचा वाटावा, कारण सगळा वाद शेतावरच्या चित्राचा आहे. पार्ल्याच्या ग्लुको बिस्किटांच्या कागदावर शेत, पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या, मागे घर. म्हैसूरच्या एका उत्पादकाने कागद काढला त्यावरही शेत, मुलगी, गाई आणि कोंबड्या. फरक इतकाच की या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. खालच्या दोन्ही कोर्टांनी फरक मोजून दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. फरक किती आहेत ते मोजू नका, एकंदर दिसणे सारखे आहे की नाही ते बघा, असे सांगून पार्ल्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा यवतमाळच्या छापखान्यात गेल्यावर एखादा खपणारा डबा पुढे ठेवून 'असंच करून द्या, फक्त नाव आमचं टाका' असे सांगणारे जे आहेत, त्यांनी हा निकाल आठवावा. छापखानेवाला पैसे घेऊन मोकळा होतो, नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

काही नावे मात्र अशी आहेत की ती कोणा एकाची होऊच शकत नाहीत. मुंबई-पुण्यापासून सगळीकडे 'कानिफनाथ रसवंती' आणि 'नवनाथ रसवंती' अशा पाट्या दिसतात. पुरंदर तालुक्यात बोपगावाजवळ कानिफनाथांचे ठाणे आहे, त्या भागातली मंडळी रसवंतीच्या धंद्यात गावोगाव पसरली, त्यांच्याबरोबर देवाचे नाव पसरले. आता या नावावर उद्या कोणी एकट्याने हक्क सांगू लागला तर त्याला आधी हे समजावून द्यावे लागेल की, साऱ्या धंद्यात सर्रास चालणारे नाव एकाच्या दावणीला बांधता येत नाही. २०१५ साली 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी एकट्याचे म्हणून मागणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला तो याच जातीचा. 'शुद्ध गूळ', 'सेंद्रिय काकवी', 'ताजा रस' हे शब्द मालाचे वर्णन आहेत, तेही नुसते कोणाला मिळत नाहीत. उसाच्या वाणाचे नावही असेच: को ८६०३२ ची रोपे कोणीही विकावीत, पण तो आकडा आपल्या रोपवाटिकेचे चिन्ह म्हणून मागता येणार नाही. गावाच्या नावाबद्दलही कायदा नाखूष असतो, कारण नेरचा गूळ म्हणण्याचा अधिकार नेरच्या प्रत्येकाला हवा. मुंबईच्या पार्ले गावाच्या नावावरून बिस्किटांचे नाव पडले आणि ते टिकले खरे, पण त्यामागे कित्येक वर्षांचा खप होता.

गावाच्या नावाचाच पुढचा प्रकार म्हणजे भौगोलिक मानांकन, ज्याला लोक जीआय म्हणतात. कोल्हापुरी गुळाला ते २०१४ साली मिळाले, त्याच वर्षी नागपूरच्या संत्र्याला मिळाले, आणि आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये. हे नाव एका दुकानदाराचे नसते, त्या मुलखातल्या सगळ्या उत्पादकांचे असते, आणि त्यांतल्या प्रत्येकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचे असते. म्हणून नेरच्या गुऱ्हाळात शिजलेल्या गुळाच्या ढेपेवर 'कोल्हापुरी गूळ' लिहिणे बसत नाही, मग गुळव्या कोल्हापूरहून आणलेला का असेना. आम्हाला हे दोन-तीन ठिकाणी दिसले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तसेच बचत गटाच्या हळदीच्या पुडीवर 'वायगाव' छापू नये. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरी कोल्हापुरी चपलेसारख्या चपला मांडल्या तेव्हा केवढा गहजब झाला! त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली ती टिकली नाही, कारण ज्यांच्या नावे मानांकन आहे त्या संस्था न्यायालयात आलेल्या नव्हत्या. हक्क ज्याच्या नावे, दाद त्यानेच मागायची असते.

आता नोटीस हाती पडल्यावर काय करायचे ते. पहिले म्हणजे घाबरून पाटी उतरवू नये आणि रागाने लिफाफा चुलीतही घालू नये. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. तिच्यामुळे दुकानाला कुलूप लागत नाही. पण तिला उत्तर न देणे पुढे कोर्टात तुमच्या अंगावर येऊ शकते. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख जपावी, पाकीट फेकू नये. नोटिशीत नोंदणी क्रमांक दिलेला असतो. नसेल तर उत्तरात मागावा. तो क्रमांक व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. तिथे चार गोष्टी पाहाव्यात: नोंदणी झालेली आहे की नुसता अर्ज पडून आहे, कोणत्या वर्गात आहे, वापर कधीपासून असे लिहिले आहे, आणि मुदत संपलेली तर नाही ना. वर्ग म्हणजे मालाची प्रतवारी. सगळा व्यापार ४५ वर्गांत वाटलेला आहे. गूळ-साखर-मसाले ३० व्या वर्गात, बी-बियाणे आणि रोपे ३१ व्यात, हॉटेल-उपाहारगृह ४३ व्यात, खते पहिल्यात. समोरच्याची नोंदणी खताच्या वर्गात असेल आणि तुम्ही गूळ विकत असाल तर उत्तराला बरीच जागा आहे. नाव फार प्रसिद्ध असेल तर मात्र वर्ग वेगळा असून भागेलच असे नाही.

त्यानंतर आपली लागण तारीख सिद्ध करायला घ्यावी. जुनी बिलबुके, छापखान्याची पावती, पाटी रंगवणाऱ्याचा हिशेब, जत्रेतल्या दुकानाची ग्रामपंचायतीची पावती, वीज मंडळाचे बिल, बँकेचे पासबुक, वर्तमानपत्रातली जाहिरात, तारीख असलेला फोटो, हे सगळे लागते. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. दुकाने कायद्याची नोंद, म्हणजे लोक म्हणतात तो गुमास्ता, उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक, अन्न सुरक्षा परवाना, यांवर धंद्याचे नाव असते म्हणून नाव आपले झाले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. या कागदांनी नावावर मालकी येत नाही. मात्र त्यांवर सरकारी तारीख असते, म्हणून वापर कधीपासून याचा पुरावा म्हणून ते चांगले. सहकारी संस्थेच्या नोंदणीचेही तेच.

समोरचा उगाच धमकावतो आहे असे वाटले तर १४२ वे कलम आहे. निराधार धमकीविरुद्ध तुम्ही स्वतः कोर्टात जाऊन तसे जाहीर करून घेऊ शकता. पण नोंदणीवाल्याने तत्परतेने दावा लावला तर हे हत्यार बोथट होते. त्याहून साधा उपाय म्हणजे कॅव्हेट. समोरचा एकतर्फी मनाई घेईल अशी धास्ती असेल तर जिल्हा न्यायालयात आधीच अर्ज देऊन ठेवायचा की, आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये. तो ९० दिवस चालतो, पुढे नवा द्यावा लागतो. अडचण अशी की, नोंदणीवाल्याला स्वतःच्या गावच्या कोर्टात दावा लावण्याची मुभा कायद्यानेच आहे. म्हणजे नेरच्या माणसाला मुंबईचे किंवा दिल्लीचे समन्स येऊ शकते, आणि कॅव्हेट तर ज्या कोर्टात दिले तिथेच चालते. लहान माणसावर हा मोठाच जाच आहे असे आमचे मत आहे, पण कायदा आज तसा आहे.

हे दावे तालुक्याच्या कोर्टात चालत नाहीत, जिल्हा न्यायालय किंवा त्याच्या वरच. तीन लाखांच्या वरचा व्यापारी तंटा असेल आणि तातडीची मनाई मागितलेली नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करणे बंधनकारक आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे पत्र येते. ते पत्र सरकारी दिसते म्हणून लोक घाबरतात किंवा बाजूला टाकतात. दोन्ही करू नये, कमी खर्चात मिटायची जागा तीच आहे. दावा लागून समन्स आलेच तर व्यापारी दाव्यात लेखी म्हणणे देण्यास ३० दिवस, फार तर १२०. त्यापुढे कोर्ट एक दिवसही देत नाही. कोर्टाचा कमिशनर मालाची यादी करायला आला तर त्याला अडवू नये, यादीची प्रत घ्यावी. पोलीस आले तर ध्यानात असू द्यावे की, या कायद्याखाली वॉरंटाशिवाय झडती घ्यायला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याने आधी व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घेतलेले असावे लागते.

आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एकाची हकिकत सांगतो. नाव-गाव छापीत नाही. गूळ आणि काकवीचा धंदा. २०१३ पासूनची छापखान्याची बिले चोख. समोरचा पश्चिम महाराष्ट्रातला व्यापारी, त्याची नोंदणी मागाहूनची, पण त्याने २०१० पासूनच्या विक्रीचे कागद दाखवले. वकिलांनी दोन्ही तारखा कागदावर मांडल्या तेव्हा चित्र स्पष्ट झाले. मुलगा हटून बसला होता, "नाव आमचंच, आम्ही कोर्टात दाखवू". वडिलांनी शांतपणे विचारले, "बाप्पा, कोर्टाची तारीख अन् गुऱ्हाळाची भट्टी एकाच दिवशी आली त तू कोठी जाशील?" शेवटी तडजोड झाली. सहा महिन्यांत नाव बदलायचे, तोवर छापलेले चार हजार डबे विकून संपवायचे, नुकसानभरपाई कोणी कोणाला द्यायची नाही, आणि डब्यावरचे बैलजोडीचे चित्र आपल्याकडेच ठेवायचे. ही चौथी अट मुलाने सुचवली, आणि आम्हाला विचाराल तर तीच सर्वांत मोलाची. गिऱ्हाईक बैलजोडी बघूनच डबा उचलीत होते. नवे नाव आले, खप फारसा हलला नाही.

दुसऱ्या प्रकरणात वर्गच वेगळा निघाला आणि एका उत्तराने विषय मिटला. तिसरे अजून चालू आहे, त्यावर लिहिणे योग्य नव्हे.

ज्यांना अजून नोटीस आलेली नाही त्यांनी नोंद करून घ्यावी. महाराष्ट्राचे काम मुंबईच्या व्यापारचिन्ह कार्यालयाकडे आहे, पण अर्ज संगणकावरून घरबसल्या जातो. एकट्या माणसास किंवा लघुउद्योगास एका वर्गासाठी ४,५०० रुपये फी, इतरांस ९,०००. कागदी अर्ज केला तर अनुक्रमे ५,००० आणि १०,०००. वकिलाचे निराळे, आधी ठरवून घ्यावे. अर्जात वापर कधीपासून असा रकाना असतो. तिथे वाढवून तारीख लिहू नये, कारण सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडावे लागतात. तपासणी अहवालात हरकत आली तर महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. ते पार पडले की नाव सरकारी नियतकालिकात छापले जाते आणि चार महिने कोणालाही विरोध करता येतो. विरोधाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरतात. कित्येक अर्ज या एकाच ठिकाणी मरतात, कारण पत्र एजंटाच्या ईमेलवर येते आणि एजंट फोन उचलत नाही. म्हणून अर्जात स्वतःचा पत्ता आणि ईमेल द्यावा. नोंद झाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो आणि दहा वर्षे चालतो. पुढे खोडवा ठेवता येतो, आणि उसाच्या खोडव्यासारखा तो उतरत नाही; दर दहा वर्षांनी फी भरली की कितीही वेळा. मात्र पाच वर्षांहून अधिक काळ नाव वापरलेच नाही तर ते काढून टाकण्याची मागणी दुसरा करू शकतो. नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लावला तर दंड आहे.

भाऊबंदकीबद्दल थोडे. जमिनीच्या वाटणीत आपण बांधावरचे झाडही लिहितो, पण दुकानाचे नाव कोणाकडे गेले हे कोणी लिहीत नाही. दोन भाऊ वेगळे होतात, दोघे तेच नाव लावतात, आणि पुढच्या पिढीत चुलतभाऊ एकमेकांना नोटिसा धाडतात. स्वतःचे आडनाव प्रामाणिकपणे वापरण्यास ३५ व्या कलमाने मोकळीक आहे, पण भावाच्याच रंगाचा, त्याच अक्षराचा डबा काढला तर तो प्रामाणिकपणा कोर्टाला पटवणे कठीण. वाटणीपत्रात एक ओळ घालावी: नाव अमक्याकडे, दुसऱ्याने अमुक मुदतीनंतर वापरू नये, त्याबदली इतके रुपये. तसेच दारव्ह्याच्या मेहुण्याला 'लाव आपलंच नाव' म्हणून तोंडी परवानगी देऊ नये. त्याचा गूळ कळकट निघाला तर बोल तुमच्या नावाला लागतो. साध्या करारावर मालाची प्रत, मुदत आणि काढून घेण्याची अट लिहून घ्यावी.

वकिलाचा खर्च झेपत नसेल त्यांनी यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत वकील मिळतो, इतरांस उत्पन्नाची मर्यादा आहे. बचत गटाच्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जाताना नोटीस, तिचे पाकीट आणि जुनी बिले बरोबर न्यावीत. बिलांच्या झेरॉक्स आधी काढून ठेवाव्यात, कारण त्या जुन्या कार्बनच्या प्रती दोन-तीन पावसाळ्यांत पुसट होतात.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग